ओटा लहान, पसारा फार

दोस्तांनो, गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी रात्री साडेनऊला फोन वाजला. पलीकडे माझी भाची. नववीत आहे. एरवी तिचा आवाज चार घरं ऐकू जातो, पण त्या रात्री बाईसाहेब चक्क कुजबुजत होत्या.

"मामा, लॅपटॉप सुरूच होत नाहीये. आईला सांगू नकोस हं."

"काय केलंस?"

"काही नाही. फक्त मेमरी वाढवली."

आता मेमरी म्हणजे काय दुधाची पिशवी आहे, की पाहुणे आले म्हणून एक जास्त घेतली? पण मी रागावलो नाही. हळूहळू सगळं बाहेर आलं. ताईकडचा लॅपटॉप चांगला सहा-सात वर्षांचा. बटण दाबावं, आंघोळीला जावं आणि परत यावं, तोवर तो कसाबसा जागा होतो. भाचीनं एक व्हिडिओ पाहिला. त्यातला दादा सांगत होता, 'एमएसकॉन्फिग' नावाची खिडकी उघडा, त्यात 'बूट'च्या पानावर 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' बघा, तिथे 'मॅक्झिमम मेमरी' लिहिलेला चौकोन आहे, त्यात खूण करून आकडा भरा, मग बघा कॉम्प्युटर कसा पळतो ते! भाचीनं खूण केली. आकडा व्हिडिओत नीट दिसला नाही, म्हणून तिनं आपल्या मनानं एक भरभक्कम आकडा टाकला. ५१२.

झालं! लॅपटॉप पुन्हा सुरू केला तर पडद्यावर ठिपक्यांचं चक्र फिरतंय, फिरतंय, आणि पुन्हा काळोख.

चूक कुठे झाली, ओळखलंत? 'मॅक्झिमम मेमरी' म्हणजे 'मेमरी जास्तीत जास्त कर' असं तिला वाटलं. खरा अर्थ आहे, 'जास्तीत जास्त एवढीच वापर.' आई डब्यावर हात ठेवून म्हणते ना, "जास्तीत जास्त दोन लाडू", तसं. आई असं म्हणाली म्हणून डब्यातले लाडू वाढतात का? हा चौकोन प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी ठेवलेला आहे. आपला प्रोग्रॅम कमी मेमरीच्या मशीनवर कसा वागेल, ते तपासायला त्यांना मुद्दाम मेमरी कमी करून बघायची असते. तिथला आकडा असतो एमबीमध्ये. लॅपटॉपची मेमरी ४ जीबी, म्हणजे ४०९६ एमबी. आमच्या भाचीनं विंडोजला हुकूम सोडला, की त्यातली फक्त ५१२ वापर. आठवा हिस्सा! बिचाऱ्याला उभंसुद्धा राहता येईना.

आणि खरी पंचाईत पुढेच होती. त्याच लॅपटॉपमध्ये तिच्या दादाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट. मंगळवारी जमा करायचा. पेनड्राइव्हवर प्रत होती, पण पंधरा दिवसांपूर्वीची. म्हणजे कुजबुजण्याचं कारण आई नव्हतीच, दादा होता.

मी तिला आधी सांगितलं, की दादाची फाइल जागच्या जागी आहे. फाइली राहतात डिस्कवर, आणि तू डिस्कला हातच लावलेला नाहीस. मग आमची फोनवर दुरुस्ती सुरू झाली. विंडोज लागोपाठ दोन-तीनदा उभं राहू शकलं नाही, की स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा समोर आणतं. त्यातून 'कमांड प्रॉम्प्ट'च्या काळ्या खिडकीत शिरायचं आणि एक ओळ टाइप करून त्या आकड्याची नोंद पुसायची. एकच ओळ, पण तिच्यात एक महिरपी कंस. "मामा, महिरपी कंस कुठे असतो रे?" यातच दहा मिनिटं गेली. शेवटी लॅपटॉप उठला. तेव्हा लक्षात आलं, की दादा मघापासून तिच्या मागेच उभा होता. पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण फोन ठेवला गेला!

दोस्तांनो, भाचीनं केलेली गोष्ट चुकीची असेल, पण तिची तक्रार खोटी नव्हती. लॅपटॉप संथ होताच. आणि नवा घ्यायचा तर ताईच्या घरी अजून वर्षभर तरी जमणार नव्हतं. अशी घरं पुष्कळ असतात. तेव्हा मेमरीच्या सेटिंगनं काय होतं आणि काय होत नाही, ते आज नीट बघू या. आईबाबांनाही शेजारी बसवा.

स्वयंपाकघराकडे चला. समोर ओटा आहे. जे आत्ता लागतं ते ओट्यावर असतं. परात, पोळपाट, मिसळणाचा डबा. बाकीचं सामान माळ्यावर. कॉम्प्युटरचा ओटा म्हणजे रॅम आणि माळा म्हणजे डिस्क. प्रोसेसर हा स्वयंपाकी. त्याचा हात पोचतो फक्त ओट्यापर्यंत. माळ्यावरची वस्तू आधी ओट्यावर आणल्याशिवाय त्याला वापरताच येत नाही.

आता सण आला. पुरण शिजतंय, कटाची आमटी उकळतेय, भजी तळायचीत. ओटा भरला. आजी काय करते? जे लगेच लागणार नाही ते उचलून बाजूला ठेवायला सांगते. कॉम्प्युटरही अगदी हेच करतो. रॅममधला जो भाग बराच वेळ वापरला गेला नाही, तो उचलून डिस्कवर नेऊन ठेवतो, आणि लागला की परत आणतो. उचल-ठेव होते ती छोट्या छोट्या तुकड्यांची. एका तुकड्याला 'पेज' म्हणतात, आणि आपल्या घरच्या विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये एक पेज सहसा ४ केबीचं असतं. डिस्कवर यासाठी राखून ठेवलेल्या जागेला विंडोजमध्ये 'पेजिंग फाइल' म्हणतात. आणि या सगळ्या व्यवस्थेचं नाव व्हर्च्युअल मेमरी, आभासी मेमरी.

ही युक्ती आजकालची नाही बरं का! इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अ‍ॅटलस' नावाचा संगणक बांधला. तो १९६२च्या डिसेंबरमध्ये रीतसर सुरू झाला. त्याची झटपट मेमरी चुंबकीय कड्यांची, फक्त १६ हजार शब्दांची. जोडीला फिरणारे चुंबकीय ड्रम, ९६ हजार शब्दांचे. (कॉम्प्युटरच्या हिशोबातला हजार १०२४चा असतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच.) ड्रम स्वस्त पण संथ. तोवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच सांगावं लागे, की आता हा भाग ड्रमवरून आण, आता तो परत ठेव. डोक्याला ताप! अ‍ॅटलसनं ही हमाली स्वतःकडे घेतली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वाटावं, की सगळी मिळून एकच मोठी मेमरी आहे.

पण 'वाटावं' या शब्दाखाली रेघ मारा. ओटा मोठा झाला असं वाटतं. होत नाही.

माळ्यावरून वस्तू आणायला किती वेळ लागतो, याचा हिशोब करू. रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून मिळायला साधारण १० मिलिसेकंद. म्हणजे एक लाख पट! ओट्यावरचं मीठ उचलायला आजीला एक सेकंद लागत असेल, तर माळ्यावरून आणायला एक लाख सेकंद. भागाकार करून बघा, एक दिवस आणि वर जवळजवळ चार तास. नव्या एसएसडीमध्ये काही फिरत नाही, त्यामुळे ती हार्ड डिस्कपेक्षा शंभरेक पट चपळ. म्हणजे आजीच्या हिशोबानं सतरा मिनिटांच्या आत मीठ येईल. तरी आमटीत मीठ घालायला सतरा मिनिटं?

एखाद-दुसरी फेरी असेल तर कळतही नाही. पण ओटा फारच लहान आणि पदार्थ फारच जास्त असले, की गंमत होते. पुरणाचं पातेलं ठेवायला जागा हवी म्हणून परात माळ्यावर पाठवली. लगेच परात लागली म्हणून पातेलं पाठवलं. की पुन्हा पातेलं! दिवसभर नुसतं शिडीवरून वर-खाली, आणि पोळी एकही नाही. याला थ्रॅशिंग म्हणतात, झोडपाझोडपीच म्हणा ना. असं का होतं आणि ते कसं टाळता येईल, याचा नीट अभ्यास पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६८मध्ये मांडला. ताईकडच्या लॅपटॉपला झालेला रोग तो हाच. काहीही न करता डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो ना, ती शिडीवरची धावपळ.

मग सेटिंग बदलून कधीच काही होत नाही का? होत होतं की! आणि त्यात आम्ही एके काळी पटाईत होतो. थोडं मागे चला.

१९९३ साल. आमच्या क्लासमध्ये ३८६ प्रोसेसरचं मशीन, मेमरी ४ एमबी. (जीबी नव्हे, एमबी!) त्या काळी एवढी म्हणजे श्रीमंती. एका मित्रानं विमानांच्या लढाईचा खेळ फ्लॉपीवर आणला. लावला, तर पडद्यावर उत्तर, मेमरी पुरेशी नाही. खेळाला हवे होते जेमतेम ५८० केबी. आमच्याकडे ४०९६. असं कसं?

कारण एक जुना नियम. १९८१मध्ये आयबीएमनं आपला पहिला पीसी काढला. त्यात इंटेलचा ८०८८ प्रोसेसर होता. त्याला मेमरीतला पत्ता सांगायला २० तारा. प्रत्येक तारेवर शून्य किंवा एक. वीस वेळा दोनानं गुणा, १०,४८,५७६ पत्ते होतात, म्हणजे बरोबर १ एमबी, म्हणजे १०२४ केबी. त्यातले वरचे ३८४ केबी आयबीएमनं पडदा आणि यंत्राच्या स्वतःच्या कामांसाठी राखले. उरले ६४० केबी. तेव्हा ते भरपूर वाटले. पुढे मेमरी स्वस्त झाली, प्रोसेसर मोठे झाले. पण जुने प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालायला हवेत म्हणून डॉसनं ६४०ची वेस तशीच ठेवली. घरात मोठी कोठी मोकळी पडलेली, आणि नियम असा की सगळा स्वयंपाक जुन्या ओट्यावरच! त्या ६४०मध्ये डॉस स्वतः बसायचं, मग माउसचा प्रोग्रॅम, मग आवाजाच्या कार्डाचा. सगळे टेकल्यावर खेळाला जागा कुठून मिळणार?

१९९१मध्ये एमएस-डॉसची पाचवी आवृत्ती आली होती, तिच्यात यावर औषध होतं. 'कॉन्फिग' नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये दोन-तीन ओळी लिहायच्या. 'हायमेम'ची ओळ लिहिली, की १ एमबीच्या पलीकडचं दार उघडायचं. 'डॉस इज इक्वल टू हाय' लिहिलं, की डॉसचा बराचसा संसार दारापलीकडच्या पहिल्या ६४ केबीच्या खोलीत जायचा. आणि 'ईएमएम३८६' लिहिलं, की राखीव ३८४मधले मोकळे कोपरे वापरता यायचे. माउसबिउस तिकडे पाठवायचे. कुणाला आधी पाठवायचं यालाही महत्त्व असे. एसटीच्या प्रवासाला निघताना बॅग भरतो ना, तसं. मोठा डबा आधी, मोजे नंतर. उलटं केलं की डबा बाहेरच राहतो. 'मेम' असा हुकूम दिला की किती जागा मोकळी झाली ते दिसे. आम्ही शनिवारची सगळी दुपार ओळी वर-खाली करण्यात घालवली. पाच केबी सुटले की आरडाओरडा! शेवटी ६०० केबीच्या वर पोचलो आणि विमान उडालं. खेळ तासाभरात कंटाळवाणा वाटला, ते सोडा. खरा खेळ आधीच खेळून झाला होता.

तेव्हा सेटिंगनं काम केलं, कारण मेमरी होतीच. यंत्रात बसवलेली होती, पैसे देऊन आणलेली होती, फक्त नियमानं अडवलेली होती. आजचं ६४ बिटी विंडोज असं काही अडवून ठेवत नाही. जेवढी रॅम बसवली तेवढी ते आपणहून वापरतं. मोकळी राहिली तर तिच्यात लवकरच लागतील अशा गोष्टी आधीच आणून ठेवतं. म्हणून रॅम सत्तर टक्के भरलेली दिसली तरी घाबरू नका. रिकामा ओटा दिसायला छान, पण त्यावर स्वयंपाक होत नसतो. 'रॅम साफ करा' म्हणणारे प्रोग्रॅम मिळतात, ते बरेचदा ओट्यावरचं सामान ढकलून माळ्यावर पाठवतात. आकडा क्षणभर सुंदर दिसतो, आणि मग तेच सामान परत खाली आणायला पुन्हा शिडी.

फसवणुकीचाही इतिहास आहे. ऑगस्ट १९९५मध्ये विंडोज ९५ आलं. त्याला मेमरी लागायची जास्त आणि रॅम होती महाग. त्याच सुमारास अमेरिकेत 'सॉफ्टरॅम ९५' नावाचा प्रोग्रॅम विकायला आला. म्हणे, रॅम दुप्पट करतो! लाखो लोकांनी घेतला. जाणकारांनी तो आतून तपासला, तर विंडोज ९५वर तो मेमरी वाढवतच नव्हता. १९९६मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं कारवाई करून त्या कंपनीला असले दावे करायला बंदी केली. गंमत अशी, की माहिती दाबून थोड्या जागेत बसवायची जी कल्पना त्यांनी नुसती जाहिरातीत वापरली, ती पुढे खरंच अमलात आली. २०१५मध्ये आलेलं विंडोज १० हे करायचं, आणि विंडोज ११सुद्धा करतं. आपल्याला काही सांगावं लागत नाही.

आणि मोबाइल? दुकानात काही मोबाइलवर '४ जीबी + ४ जीबी' लिहिलेलं पाहिलंय ना? त्यातली दुसरी ४ जीबी म्हणजे फोटो आणि गाणी जिथे राहतात त्याच जागेतून घेतलेली. म्हणजे आपला माळाच! आठ जीबी रॅमचा मोबाइल आणि हा, दोन्ही एक नव्हेत. बाबा मोबाइल घ्यायला निघाले की हे त्यांच्या कानात सांगा.

आता पुन्हा ताईकडे. पुढच्या शनिवारी मी स्वतःच गेलो. (मंगळवारी रिपोर्ट वेळेवर जमा झाला. पेनड्राइव्हवर आता रोज प्रत निघते.) आम्ही सेटिंगला हात लावण्याआधी नुसतं बघायचं ठरवलं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की 'टास्क मॅनेजर' उघडतो. नेहमीसारखं काम सुरू ठेवून आकडे पाहिले. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर, डिस्क सतत शंभर टक्के. निदान झालं.

मग त्यातलंच 'स्टार्टअप'चं पान उघडलं. लॅपटॉप सुरू होताच आपोआप उठून बसणारे सात प्रोग्रॅम निघाले. त्यांतले पाच कुणी बोलावलेच नव्हते, गप्पांचे, गाण्यांचे, एक तर घरात नसलेल्या प्रिंटरचा. ते बंद केले. व्हायरसपासून राखण करणारा मात्र तसाच ठेवला. तुम्हीही नाव ओळखीचं नसेल तर मोठ्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. ब्राउझरमध्ये भाचीची चोवीस पानं उघडी होती. "मला सगळी लागतात!" सहावर तडजोड झाली.

पेजिंग फाइलची खिडकी उघडली तेव्हा आणखी एक गुपित बाहेर आलं. तिथे 'विंडोजनं स्वतः ठरवावं' ही खूण काढलेली आणि जागा ८०० एमबीवर बांधलेली. मी दादाकडे पाहिलं. दादा छताकडे पाहू लागला! डिस्कवर जागा वाचावी म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यानंच हा प्रयोग केला होता. ओटाही लहान आणि माळाही अर्धा बंद; म्हणूनच मोठी फाइल उघडली की मधूनच 'मेमरी संपली' असा संदेश येऊन प्रोग्रॅम बंद पडायचा. खूण परत केली, विंडोज पुन्हा सुरू केलं, आणि तो संदेश यायचा थांबला. वेग त्यानं वाढला नाही, पण लिहिलेलं पान डोळ्यांदेखत नाहीसं होणं थांबलं. पेजिंग फाइलच्या सेटिंगकडून एवढीच अपेक्षा ठेवा. ती आपोआपवर असू द्या आणि सी ड्राइव्हवर थोडी मोकळी जागा राहू द्या.

टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर खाली 'स्लॉट्स यूज्ड' अशी ओळ असते. तिथे होतं, दोनपैकी एक. म्हणजे रॅमची एक खाच रिकामी! काही लॅपटॉपमध्ये रॅम आतच डकवलेली असते, तिथे हा मार्ग बंद. आमचं नशीब चांगलं. भावजींनी दुरुस्तीवाल्याकडून आहे त्याच जातीची ४ जीबीची पट्टी बसवून आणली. (जात महत्त्वाची! डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत. जुनी पट्टी दाखवूनच नवी आणावी.) लॅपटॉप अजून उठतो सावकाशच, कारण हार्ड डिस्क जुनीच आहे. पण एकदा उठला की दादाचं ड्रॉइंग आणि भाचीची सहा पानं शेजारी शेजारी सुखानं नांदतात. सहाची पुन्हा अकरा झाली आहेत, असं परवा कळलं.

आता तुमच्यासाठी एक कोडं. २० तारांनी १ एमबीपर्यंतचे पत्ते सांगता येतात, हे आपण पाहिलं. मग ४ जीबीपर्यंतचे पत्ते सांगायला किती तारा लागतील? कॅल्क्युलेटर न घेता, कागद-पेन्सिलीनं सोडवा. आणि आणखी एक तार जोडली तर किती जीबी होतील, तेही लिहा. उत्तर पुढच्या अंकात.